कोणते गाणे थोरले?



चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही ऊसतोडीच्या दरावर किंवा कामगार कायद्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आमचा जन्म त्यातच गेला असल्याने ती अपेक्षा वाजवीच होती. परंतु दराविषयी आम्ही वर्षभर बोलतो, आणि ज्यांनी ऐकावे ते ऐकत नाहीत. उन्हाळ्याची संध्याकाळ, बिंदुसरेवरून येणारी थोडी वाऱ्याची झुळूक आणि समोर घरचे काम आटोपून आलेली तुमच्यासारखी मंडळी, हा योग आम्हांला दरपत्रकावर खर्च करावयाचा नाही. आज आम्ही गाण्याविषयी बोलणार आहोत.

आम्ही संगीतातले जाणकार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाने केले. त्या कपाटात पुस्तके होती, जुने अहवाल होते आणि खालच्या खणात पंचवीस-तीस कॅसेटी होत्या. तेव्हा जे काही सांगू, ते या कपाटाच्या जोरावर आणि लोकांत बसून ऐकलेल्याच्या जोरावर.

विषय सुचला तो घरातच. आमचा भाचा पुण्यास संगणकाच्या कंपनीत असतो. गेल्या दिवाळीत तो एका मित्रास घेऊन आला, आणि दोघे रात्री माळवदावर बसून भांडू लागले. आम्हांला वाटले, पैशाचे काही असावे. जवळ जाऊन ऐकतो तो वाद निराळाच! 'गँग ऑफ फोर' नावाचे इंग्लंडातले एक वाद्यवृंदाचे पथक आहे. त्याचा पहिला अल्बम श्रेष्ठ की दुसरा, एवढ्यावरून हे रणकंदन. आम्ही विचारले, "हे चौघे कोण?" भाचा म्हणाला, "मामा, तुम्हांला नाही कळायचं ते." असे कोणी म्हटले की आम्ही मांडी ठोकून बसतो.

मग त्याने सांगितले. लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे जुने शहर. तेथे १९७६च्या सुमारास चार तरुण एकत्र आले. चीनमधल्या राजकारणात त्या साली गाजलेल्या चौकडीचे नाव त्यांनी आपल्या पथकास दिले. १९७९ साली त्यांचा 'एंटरटेनमेंट!' हा पहिला अल्बम निघाला आणि १९८१ साली 'सॉलिड गोल्ड' हा दुसरा. बाजार माणसाच्या विरंगुळ्यावर आणि प्रेमावरही किंमतीची चिठ्ठी कशी चिकटवितो, हे त्यांच्या गाण्यांचे सूत्र. त्यांतला गिटार वाजविणारा अँडी गिल २०२० साली वारला. परंतु त्यांचे वळण पुढच्या अनेक पथकांनी उचलले. भाचा म्हणे, पहिल्या अल्बममध्ये गिटार कशी कोरडी, धारदार लागते! मित्र म्हणे, दुसरा अधिक जड आणि काळोखा आहे, म्हणूनच तो खरा. आम्ही दोन्ही ऐकले. शब्द कळले नाहीत. पण वादाची तऱ्हा मात्र ओळखीची वाटली. हेच भांडण आम्ही पंचवीस-तीस वर्षे भांडत आलो होतो. गिरण्या लीड्सच्या नव्हत्या, परळच्या होत्या, आणि पथक चौघांचे नव्हते, तिघांचे होते.

ते पथक म्हणजे लाल बावटा कलापथक. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी १९४४ साली ते मुंबईत उभे केले. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, जन्म १९२०चा. अमर शेख तर आपल्या शेजारच्या बार्शीचे, जन्म १९१६चा. आपण तेव्हा निजामाच्या मुलखात होतो आणि बार्शी इंग्रजांच्या. पण हद्दीवर गाण्याची झडती घेता येत नाही. तमाशाचा जुना साचा या मंडळींनी उचलला आणि त्यात नवे धान्य भरले. गणपतीला नमन करावयाच्या जागी अण्णाभाऊंनी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना नमन केले. वगाचे लोकनाट्य झाले. पोवाडा, लावणी, छक्कड हे सारे प्रकार गिरणीच्या फाटकावर आणि शेतकऱ्यांच्या सभेत येऊन उभे राहिले. पुढे ज्या ज्या शाहिराने चळवळीसाठी डफ हाती घेतला, त्याच्यावर या तिघांची सावली पडलेली आहे, अशी आमची नम्र समजूत आहे. १९६९ साली १८ जुलैला अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्याच्या आत दोन्ही आवाज थांबले.

आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही भांडलो, त्यांना आम्ही पाहिलेलेही नाही! तरीही भांडलो. सभा आटोपून परतताना मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहासाठी उतरावे, कोणीतरी एक ओळ गुणगुणावी आणि तेथेच पक्ष पडावेत, असे किती वेळा झाले याची गणती नाही.

पहिला पक्ष पोवाडेवाल्यांचा. यांच्या मते 'स्टालिनग्राडचा पोवाडा' हे शिखर. वोल्गेच्या काठची लढाई, आणि ती मुंबईच्या मजुराला आपल्या चाळीतली वाटावी असे ते कसब! यावर कोणी आक्षेप घेई की, हा पोवाडा १९४३ सालचा आणि कलापथक निघाले १९४४ला. तेव्हा तो पथकाच्या खात्यावर धरता येत नाही. मग या मुद्द्यावर दोन कप चहा जाई. याच पक्षातला दुसरा गट अमळनेरच्या पोवाड्याचा. १९४६ साली अमळनेरात गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांवरचा हा पोवाडा. हा गट म्हणे, परक्या शहराचे शौर्य गाणे सोपे असते. आपल्याच गावच्या मेलेल्या माणसाचे नाव घेऊन गाताना गळा स्थिर ठेवणे कठीण.

दुसरा पक्ष लोकनाट्याचा. हे लोक 'अकलेची गोष्ट'चे नाव घेत. १९४५ सालचे हे लोकनाट्य. यांचे म्हणणे असे की, रडविणारा शाहीर गावोगाव मिळतो. पण दिवसभर राबलेल्या माणसाला हसवून, हसता हसता त्याच्या डोक्यात प्रश्न सोडून देणारा विरळा. या पक्षात बहुधा पोरसवदा मंडळी असत, आणि ती संवाद म्हणता म्हणता चहावाल्यालाही वगात ओढीत.

तिसरा पक्ष 'मुंबईची लावणी'चा. हे वाचणारे लोक. ते सांगत की, ही लावणी नीट समजावयाची तर आधी पठ्ठे बापूरावांची मुंबईवरची लावणी समोर ठेवली पाहिजे. बापूराव रेठरे हरणाक्षचे, म्हणजे वाळवा तालुक्यातलेच. त्यांनी मुंबईचा थाट गायिला. त्याच तालुक्यातल्या अण्णाभाऊंनी तीच मुंबई घेतली, आणि एका बाजूस मलबार हिल व दुसऱ्या बाजूस परळ अशी दोन पारड्यांत तोलून दाखविली. जुन्या उस्तादाला त्याच्याच प्रकारात उत्तर द्यावयाचे, यात जी मजा आहे ती या पक्षाला फार कळे.

आणि चौथा पक्ष, सर्वांत मोठा, 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हिने मैदाने हलविली. पोटासाठी मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या आपल्या बायकोची आठवण काढतो, इथून ती सुरू होते. मग मुंबईतल्या जिण्यावर येते, आणि शेवटी मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव असा अर्थ उघडतो. नवराबायकोची ताटातूट ही मुलखाची ताटातूट होते. आपला मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यात आला. त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांना या छक्कडीत आपलीही मैना घरी आल्यासारखे वाटे. बेळगाव मात्र अजून बाहेरच आहे.

या पक्षात आणखी पोटभेद. 'गावावर' म्हणावे की 'गावाकडं' म्हणावे, यावरून मोठे वाद. छापील पुस्तकात 'गावावर' आहे. गळ्यागळ्यांतून 'गावाकडं' ऐकू येते. दुसरा भेद शब्दांचा आणि गळ्याचा. एक म्हणे, शब्द अण्णाभाऊंचे, बाकी सारे त्यांच्या मागून. दुसरा म्हणे, शब्द कागदावर निजून होते, त्यांना उठविले अमर शेखांनी. आमचे एक वृद्ध सहकारी परळच्या गिरणीत होते; १९८२च्या संपानंतर ते कायमचे गावी परतले. त्यांनी पोरवयात अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकले होते. आम्ही कॅसेट लावली की ते उठून बाहेर जात. म्हणत, "हा फोटो हाये. मी माणूस पाह्यलाय." याला काय उत्तर देणार? एकदा मात्र त्यांनीच आम्हांला खजील केले. आमचा वाद रंगात आला असता त्यांनी विचारले, "तिसरा कुठं गेला रे तुमचा?" गव्हाणकरांचे नाव तासाभरात आमच्यापैकी एकानेही घेतले नव्हते. पथक तिघांचे, आणि आम्ही भांडत होतो दोघांवरून.

आता आमचा स्वतःचा पक्ष सांगतो, कारण तो बदलत गेला. विशीत आम्ही पोवाड्याचे. सभेच्या आधी कर्ण्यावर पोवाडा लावावा आणि मुठी आवळल्या जाव्यात, हेच आम्हांला गाण्याचे काम वाटे. तिशीत आम्ही मैनेकडे वळलो. त्याला कारण आमचे कामच. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावेच्या गावे उठतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, कोठेही जा. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे माणसे जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गाव सोडणे हे आमच्या लोकांच्या पाचवीला पुजलेले. तेव्हा ताटातुटीचे गाणे हे आपलेच गाणे, असे आम्ही धरून चाललो होतो. सभेत सांगतही होतो की, अण्णाभाऊंनी ऊसतोड्याचेच दुःख गायिले आहे.

एकदा गळीत हंगामात, पौषाच्या थंडीत, आम्ही वाळवा तालुक्यातच तोडीवरच्या आपल्या लोकांना भेटावयास गेलो होतो. अण्णाभाऊंचा आणि पठ्ठे बापूरावांचा तो तालुका. आज तेथे उसाचे फड आहेत आणि ते तोडावयास आपली माणसे जातात. फड हा शब्द तरी पहा. तमाशाचाही फड आणि उसाचाही फड. रात्री जेवणे झाली होती. गाडी भरावयास उशीर होता. पाचटाची शेकोटी पेटली होती. आम्ही सेलवरचा टेप काढला आणि मैनेची कॅसेट लावली. गडीमाणसे डोलू लागली. लगेच नेहमीचा वादही सुरू झाला की, हे थोर की पोवाडा थोर.

कोपीच्या दाराशी एक बाई वाढ्याच्या पेंढ्या बांधीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "भाऊ, गाणं लई चांगलंय. पन ही मैना आपल्यातली नाय."

आम्ही विचारले, "का बरं, मावशी?"

"आपली मैना कुठं गावावर राह्यतीय? ती तर इथं मोळी घेऊन फळीवर चढतीय. गावावर राह्यली म्हातारी अन् लेकरं." मग पेंढीला गाठ मारून ती पुढे म्हणाली, "अन् उचलीच्या कागदावर तर तिचं नावबी नाय."

माणसे हसली. आम्हीही हसलो. पण त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

मंडळी, तुमच्यापैकी शहरात राहणाऱ्यांसाठी हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरणीने पुरुषाला बोलाविले आणि खोलीत दहा-पंधरा जणांत त्याला एक वळकटी टाकण्यापुरती जागा मिळाली. बायको नेऊन संसार मांडावा एवढी मजुरी बहुतेकांना नव्हती. ती गावी राहिली, शेत आणि सासूसासरे सांभाळीत राहिली. म्हणून गिरणीवाल्याच्या गाण्यात मैना गावावर राहते. ते त्या कारखानदारीचे खरे चित्र आहे. उसाचा हिशेब निराळा. येथे मजुरी टनावर मिळते. एकाने बुडाशी तोडावे, दुसऱ्याने पाला काढून मोळी बांधावी, मग दोघांनी ती डोक्यावर वाहून गाडीत चढवावी, अशी कामाची जोडी असते. म्हणून मुकादम जोडपे मागतो. त्या जोडप्याला म्हणतात एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. दोन माणसे, नाव एका हत्याराचे. उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर, हिशेब नवऱ्याशी. बाई राबते पूर्ण आणि कागदावर नसते.

आम्ही संघटनेचे माणूस. मुकादमाच्या वहीवर टीका करणे आम्हांला सोपे होते. परंतु गावी परत आल्यावर आम्ही आपलीच सभासदांची वही उघडली. पानामागून पान पुरुषांची नावे! आम्हीही एका कोयत्याला एकच नाव लिहीत आलो होतो, एकच वर्गणी घेत आलो होतो. वर्षानुवर्षे मैनेचे गाणे लावून आम्ही सभा भरविल्या, आणि त्या सभेत मैना मागच्या रांगेत बसलेली आम्हांला दिसली नाही. हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे, आमचा.

पुढच्या हंगामापासून आम्ही वहीत दोन ओळी केल्या. यालाही विरोध झाला. गडी म्हणू लागले, "एका कोयत्याला दोन वर्गण्या कशापायी?" तेव्हा तोड अशी काढली की, वर्गणी एक, नावे दोन. एकदोन वर्षांनी एक बाई मोळीसकट फळीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. मुकादम म्हणाला, "ती कोण? कागदावर तर नाही." आम्ही आपली वही पुढे केली. ती काही सरकारी वही नव्हे, आणि हवे होते तेवढे पैसेही मिळाले नाहीत. दवाखान्याचा खर्च कसाबसा निघाला. परंतु 'ती कोण' हा प्रश्न त्या टोळीत पुन्हा कोणी विचारला नाही.

तुम्ही म्हणाल, यात गाण्याचा काय संबंध? आम्हांला तर सारा संबंध दिसतो. आम्ही इतकी वर्षे भांडलो ते, कोणते गाणे श्रेष्ठ, हा प्रश्न जणू गाण्यापुरताच आहे असे समजून. वस्तुतः प्रत्येक जण आपल्याला जे हवे होते तेच सांगत होता. ज्याला धीर हवा होता तो पोवाड्याकडे गेला. ज्याला हसून मोकळे व्हावयाचे होते तो लोकनाट्याकडे गेला. गिरणीतून परतलेल्या म्हाताऱ्याला स्वतःची तरुणाई हवी होती. त्यात गैर काही नाही. भाच्याच्या त्या मित्राला काळोखा अल्बम का आवडतो, हे आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी विचारले. तो म्हणाला, त्याची कंपनीतली पाळी रात्रीची आहे. मग आम्ही अधिक विचारले नाही.

गैर होते ते निराळे. आवडत्या गाण्यात आपण आपला चेहरा पाहिला, की तेवढाच चेहरा साऱ्यांचा असे आपण समजू लागतो. शेकोटीजवळच्या त्या बाईने गाण्याला नावे ठेवली नाहीत. तिने ते आमच्यापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकले होते, म्हणूनच ते कोठे आपल्याला लागू पडत नाही हे तिला कळले. अण्णाभाऊ त्या जागी असते तर त्यांनी तिच्याशी वाद घातला नसता, अशी आमची खात्री आहे. ज्याने पठ्ठे बापूरावांची मुंबई ऐकून स्वतःची मुंबई मांडली, त्याला असे उत्तर परके वाटले नसते. त्यांनी शाई मागविली असती.

तर कोणते गाणे थोरले? एवढा वेळ तुम्हांला बसवून उत्तर न देता उठणे बरे नव्हे. आमचे मत आजही मैनेच्याच बाजूचे आहे. मात्र कारण बदलले. पूर्वी आम्ही म्हणत होतो की, ते आमचे दुःख सांगते म्हणून मोठे. आता म्हणतो की, कधीही शाळेची पायरी न चढलेल्या बाईला त्याने उलट बोलावयास लावले म्हणून मोठे. ज्यांचा पक्ष पोवाड्याचा असेल त्यांनी आम्हांला बाहेर अडवावे. आम्ही चहा पाजू आणि भांडू. गव्हाणकरांचे नाव मात्र या वेळी विसरणार नाही.

एक मागणे आहे. या सभागृहात लिहिणारी मुले-मुली बसलेली दिसतात. फळीवर मोळी घेऊन चढणाऱ्या मैनेचे गाणे कोणीतरी करावे. ते अण्णाभाऊंच्या चालीवर नसले तरी चालेल. गिटारीवर असले तरी आमची हरकत नाही. पण लिहिण्यापूर्वी एकदा फडावर जाऊन, तिला विचारून लिहा. आणि झाले की आधी तिलाच ऐकवा. ती मान वर न करता काही बोलली, तर ते लिहून घ्या.